गज चार इंच अलीकडेच थांबला

नवरात्राच्या आधीचे दिवस आमच्या दुकानात गर्दीचे असतात. पावसाळा सरत आलेला असतो आणि खंडेनवमीला पूजेत मांडायची म्हणून बंदूक बाहेर काढली की नळीवरचा गंज दिसतो. काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूर अशा चहूकडून दुनळ्या येतात. बहुतेक पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या, रानडुकरांपायी घेतलेल्या. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेले आम्ही थोडेच लोक, त्यामुळे नळ्या घासणं, स्प्रिंगा बदलणं, सैल झालेले कुंदे, म्हणजे बंदुकीचे लाकडी दस्ते, बसवणं यातच दिवस जातो.

त्या दिवशी मात्र नागपुरातल्या मानेवाडा भागातल्या एका घरून वेगळं बोलावणं आलं. बंदुकीसाठी लोखंडी पेटी घ्यायची होती. ती कुठे आणि कशी बसवावी, हे पाहून सांगायचं होतं. आजोबांची काटोलकडे संत्र्याची बाग. वय झालं तसे ते नागपुरात मुलाकडे राहायला आले आणि त्यांच्या परवान्यावरची दोन्ही हत्यारं सोबत आली. पत्ता बदलल्याची नोंदही त्यांनी करून घेतलेली होती. एक बारा बोरची दुनळी, दुसरी त्यांच्या वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक. घरात दोन नातवंडं, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. पेटीचा हट्ट सूनबाईंचा होता, आणि तो अगदी योग्य होता.

आधी दुनळी पाहिली. ती स्टीलच्या कपाटात, साड्यांच्या मागे उभी होती. कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली कपाटावरच्या डब्यात. काडतुसं त्याच कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये, आणि लॉकरची किल्ली त्याच जुडग्यात. असं मी फार घरांत पाहतो. कुलपं दोन दिसतात, पण खुर्चीवर चढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने अडथळा एकच असतो. आणि नऊ वर्षांच्या मुलाला घरातली प्रत्येक किल्ली कुठे असते हे ठाऊक असतं, कारण फटाके, मोबाइल आणि खाऊ हे सगळं तिथेच लपवलेलं असतं.

दुनळी उघडण्याची रीत मी घरातल्या मोठ्यांना करून दाखवली. नळीचं तोंड माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर, कुंद्याच्या मानेवरची कळ बाजूला सारायची आणि बंदूक पूर्ण मोडायची, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडायची. काडतूस बसतं त्या दोन्ही खणांत डोळ्यांनी पाहायचं आणि मग करंगळी घालून चाचपायचं. नुसत्या नजरेवर विसंबायचं नाही, कारण ओल लागून फुगलेलं काडतूस खणात रुतून बसतं, काडतूस बाहेर सारणारी काढणी त्याला वर ढकलू शकत नाही आणि अंधाऱ्या खोलीत ते दिसत नाही. मग नळी उजेडाकडे धरून आरपार पाहायचं. घोडे, म्हणजे ठोका मारून बार उडवणारे भाग, आत असलेल्या दुनळीत वरची सरकती खिटी, जिला लोक सेफ्टी म्हणतात, ती सहसा फक्त चाप अडवते. आतले घोडे चढलेलेच राहतात. झीज झालेल्या बंदुकीला जोराचा दणका बसला तर खिटी लावलेली असूनही बार उडू शकतो. म्हणून खिटी लावली म्हणजे बंदूक सुरक्षित झाली, असं मुलं असलेल्या घरात कोणीही समजू नये.

“पोट्ट्यांना सांगून ठेवलं आहे, हात नाही लावत,” मुलाचे वडील म्हणाले.

त्यांच्या मुलावर माझा अविश्वास नव्हता. पण अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी अशा वेळी सांगतोच. 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलग्यांना दोन-तीनच्या गटांनी एका खोलीत बसवलं होतं. तिथल्या कपाटाच्या खणात खरं पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलेलं होतं. 29 गटांपैकी 21 गटांना ते सापडलं, 16 गटांनी ते हाताळलं आणि 10 गटांत कोणीतरी चाप ओढला. हात लावणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या सुरक्षेची शिकवण आधी मिळालेली होती. मुलांना सांगायचं, जरूर सांगायचं. पण कुलूप असं हवं की मुलाने सांगितलेलं ऐकलं नाही तरी काही बिघडू नये.

बोलता बोलता माझी नजर दिवाणखान्याच्या भिंतीकडे गेली. दोन खिळ्यांवर ठासणीची बंदूक आडवी टांगलेली. कुंद्याला पितळी पट्ट्या, नळीवर ताजा तेलाचा हात. दिवाणावर उभं राहिलं की पाच वर्षांच्या मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

“ते तं रिकामी हाय, भाऊ,” आजोबा म्हणाले. “माह्या बापाच्या वेळपासून कोणी चालवलीच नाही. नातूच पुसते दर दसऱ्याले.”

“काकाजी, रिकामी केली कोणी? तुम्ही पाहिलं होतं?” मी विचारलं. ते विचारात पडले. केल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. चालवली नाही म्हणजे रिकामी, एवढाच आधार होता.

ठासणीची बंदूक मोडून आत पाहता येत नाही. मागचं तोंड पेचाने बंद असतं. दारू, बोळा, छर्रे आणि पुन्हा बोळा, सगळं पुढून ठासलेलं. शेतावर रात्री डुकरं आली तर भरायला वेळ नको, म्हणून ती भरून ठेवायची जुनी पद्धत. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. कोरडी राहिली तर कित्येक दशकं जिवंत राहते. नागपूरच्या उन्हाळ्यात भिंतीवर टांगलेल्या नळीत ती कोरडी राहायला काहीच अडचण नाही.

मी जवळ जाऊन हात न लावता पाहिलं. घोडा खाली टेकलेला होता आणि त्याच्या ओठाखाली, निपलवर, म्हणजे ठिणगी नळीत नेणाऱ्या भोकाच्या बारीक नळकांडीवर, ठोक्याने पेटणारी, हिरवट पडलेली तांब्याची टोपी बसलेली होती. ती फोडायला चाप लागत नाही. बंदूक खिळ्यावरून काढताना घोड्याचं शेपूट खिळ्यात अडकतं, घोडा अर्धा उचलला जातो आणि सुटून टोपीवर आपटतो. जुन्या बंदुकांचे अपघात असेच होतात. ज्या मुलाला दर दसऱ्याला फडकं देऊन पुसायला बसवत होते, तो घोड्याच्या खाचेतली धूळही काढत असणार.

सूनबाईंना मी दोन्ही मुलांना घेऊन शेजारी जायला सांगितलं. वाळूने गच्च भरलेली बादली मागवली आणि ती बाहेरच्या जाड भिंतीला टेकवून ठेवली. नळीचं तोंड वाळूच्या रोखाने ठेवायचं, वाळूत खुपसायचं नाही. तोंड बुजलं आणि बार उडाला तर नळीच फाटते. घोडा अंगठ्याने दाबून धरत बंदूक उतरवली. टोपीभोवती पातळ तेलाचे थेंब सोडून थांबलो. तेलाने टोपी मरतेच असं नाही, पण मंद होते. मग घोडा अंगठ्याने मागे ओढून तसाच धरून ठेवला, कारण झिजलेल्या खाचेत अर्धा चढवून ठेवलेला घोडा टिकेल याचा भरवसा नसतो. दुसऱ्या हाताने पितळी काडीने टोपी उचकटून काढली. लोखंडाची काडी नको, ठिणगी पडते.

त्यानंतर गज, म्हणजे नळीत बार ठासायची लांब काठी. लाकडी गज नळीत हलकेच सोडला, जिथे टेकला तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलची खूण केली, बाहेर काढून नळीशेजारी धरला. नळी बाहेरून 41 इंच भरली, गज 37 वर थांबला होता. मागच्या पेचाची जाडी पाऊण इंचाच्या आसपास धरली तरी तीन इंचांहून जास्त काहीतरी आत होतं. दारू, बोळे आणि छर्रे मिळून एका बाराची उंची साधारण तेवढीच होते. एवढ्यावरूनही खात्री होत नाही, कारण कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते आणि गज त्यावरही अडतो. आवाज फरक सांगतो: रिकाम्या नळीत गज लोखंडावर टणकन वाजतो, बारावर किंवा मातीवर दबका लागतो. इथे दबका लागला. माती असो वा बार, आत काय आहे हे हातात येईपर्यंत ती भरलेलीच धरायची. काही लोक अशा वेळी नळीला तोंड लावून फुंकून पाहतात. हे कोणीही, कधीही करू नये.

आजोबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, “बाप्पा! अन् पोरगं याच्यासमोर बसत होतं.” मी त्यांना दोष दिला नाही. त्यांच्या वडिलांनी भरली, त्यांना कोणी सांगितलं नाही.

मोरीत नेऊन नळी उभी करून पुढून काठोकाठ पाणी भरलं. पाण्यात सोरा विरघळतो आणि दारू निकामी होते, पण घट्ट ठासलेल्या बोळ्यातून पाणी झिरपायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर तशीच ठेवायची. चाव्याने निपल सोडवून मी कागदात बांधून आजोबांच्या हातात दिला. निपल नसला की घोडा आपटून काही पेटत नाही. बार उडवून नळी मोकळी करावी, असं मुलाच्या वडिलांच्या मनात आलं होतं. जुनी, आतून खाल्लेली नळी त्यात फुटते आणि डावा हात जातो. नळी गरम करणं किंवा ड्रिल लावणं याचा तर विचारही नको. टोपी काढण्यापासून पुढचं सगळं काम परवानाधारक कारागिराचंच आहे. घरच्यांनी फक्त बंदूक जिथे आहे तिथेच ठेवून मुलांना दूर न्यावं आणि फोन करावा.

दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः परवाना घेऊन बंदूक दुकानात घेऊन आले. गजाला पेचदार मळसूत्र लावून मी वरचा बोळा ओढला: काथ्या आणि जुन्या धोतराची चिंधी. त्यामागून छर्रे, मग दुसरा बोळा, शेवटी काळा चिखल. पाणी पडूनही तळाशी चिमूटभर दारू कोरडी होती. म्हणून नुसतं भिजवून थांबायचं नसतं. राहिलेली दारू वाळली तर पुन्हा पेट घेऊ शकते. गरम पाण्याने नळी धुवत राहायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग कोरडी करून तेल. गज पुन्हा टाकला, टणकन वाजला आणि खूण पेचापर्यंत पोचली.

आता पेटीचं. मी सुचवली ती 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, बिजागऱ्या आत असलेली. आतली उंची आधी मोजून घ्यावी, कारण तीस इंची नळीची दुनळी जोडलेली ठेवायची तर सव्वाशे सेंटिमीटर लागतात. सोडून तीन भाग केले, म्हणजे नळ्या, पुढची लाकडी मूठ आणि कुंदा, तर 85 पुरतात. मुलं असलेल्या घरात मी सोडूनच ठेवायला सांगतो, आणि पुढची मूठ काडतुसांच्या डब्यात. ती नसेल तर बंदूक धड जोडता येत नाही. ठासणीची लांब बंदूक त्या पेटीत मावत नव्हती, म्हणून उंच पेटीच घ्यावी लागली. पेटी पक्क्या विटांच्या जाड भिंतीला आणि फरशीखालच्या स्लॅबला 10 मिलिमीटरच्या चार अँकर बोल्टनी आतून आवळली. चार इंची आडभिंतीत बोल्ट धरत नाहीत. न्हाणीघराची भिंत टाळली, कारण पावसाळ्यात तिला ओल येते. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. मखमली किंवा कातडी म्यान ठेवू दिलं नाही, ते ओल धरून ठेवतं.

दुनळीच्या दोन्ही नळ्यांतून केबल कुलूपही ओवलं. चापावर बसणारं कुलूप मला या कामासाठी पटत नाही. भरलेल्या बंदुकीवर ते बसवताना किंवा काढतानाच चाप दाबला जाऊ शकतो. “चाप तं लय कडक हाय,” असं आजोबांनी म्हणून पाहिलं. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 3-4 वर्षांच्या मुलांपैकी 25 टक्के, 5-6 वर्षांच्यांपैकी 70 टक्के आणि 7-8 वर्षांच्यांपैकी 90 टक्के मुलं दोन बोटांनी दहा पौंड, म्हणजे साडेचार किलोचा चाप ओढू शकत होती. दुनळीचा चाप सहसा त्याहून हलका असतो. पाच वर्षांची नात त्यात मोडत होती.

काडतुसांचा लोखंडी डबा दुसऱ्या खोलीत, वेगळ्या किल्लीचा, झाकणाच्या आत काडतुसांचा आकडा आणि तारीख लिहिलेला. बागेतून आलं की मोजायची, आकडा जुळला नाही तर कपड्यांचे खिसे आणि गाडीची डिकी तपासायची. धुवायला टाकलेल्या सदऱ्यात काडतूस राहतं आणि मुलांच्या हाती लागतं. पत्र्याच्या माळ्यावर किंवा स्वयंपाकघराजवळ डबा नको. पेटीची किल्ली आजोबांच्या अंगावर, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. नंबरचं कुलूप घ्यायचं तर जन्मसाल आणि गाडीचा नंबर हे दोन आकडे मुलं सगळ्यात आधी लावून पाहतात.

खंडेनवमीची पूजा बंद करायला मी सांगितलं नाही. दुनळी मोडलेल्या अवस्थेत पाटावर, काडतुसं पूजेत नाहीत. अक्षता कुंद्यावर वाहायच्या, नळीच्या तोंडाशी नाही, कारण तेलकट नळीत तांदूळ चिकटून राहतात. ओलं हळदकुंकू लोखंडावर रात्रभर राहिलं तर तिथे गंज धरतो. म्हणून आरती झाली की पुसून, तेल लावून, आजोबांनी स्वतः पेटीत ठेवायची. “असू दे संध्याकाळपर्यंत” म्हटलं की पाहुण्यांच्या गर्दीत ती मुलांच्या हाती जाते. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणतानाही हेच होतं. आजच्या रात्रीपुरती म्हणून ती दिवाणाखाली सरकवतात.

ठासणीची बंदूक ठेवायची की नाही, हे आजोबांवर सोडलं. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि त्यातली एक जागा तिने अडवली होती. वापर नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून परवान्यावरून तिची नोंद कमी करून घेता येते. शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्यांनी वडिलांची आठवण म्हणून ती ठेवायचं ठरवलं. निपल काढलेला, नळीत लाल फीत बांधलेला गज आरपार, आणि जागा भिंतीवर नाही, पेटीत. आठवड्याने मी पुन्हा जाऊन बोल्ट आवळले, दोन्ही किल्ल्या कुणाकडे आहेत ते विचारलं आणि काडतुसं मोजून झाकणावरच्या आकड्याशी ताडून पाहिली.