चार्ज ७८ टक्के, तरी दार उघडेना

ॲपवर गाडीचा चार्ज ७८ टक्के दिसत होता आणि पोर्चमध्ये उभी असलेली गाडी हूं की चूं करत नव्हती. मे महिन्याचा शेवट, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले ते कडक नऊ दिवस लागलेले. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना इथे नागपुरातच धंतोलीत डॉक्टरांकडे तपासणीला न्यायचं होतं. एरवी मी किल्ली घेऊन जवळ गेले की आरसे उघडतात, दिवे लुकलुकतात, हँडलवरचं बटण दाबलं की दार उघडतं. त्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. रिमोट दाबून पाहिला, तरी गाडी तशीच. शेवटी सासरे आणि आमचे हे ऑटोनं धंतोलीला गेले आणि मी गाडीपाशी थांबले.

विदर्भात आता गल्लोगल्ली इलेक्ट्रिक गाड्या दिसू लागल्या आहेत. त्यातल्या कुणावर उन्हाळ्यात ही वेळ आली तर काय बघायचं ते ठाऊक असावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी संशय जातो तो रिमोटवर, आणि तो तपासणंही सोपं आहे. घरातली दुसरी किल्ली आणून दाबायची. दोन्ही किल्ल्यांचे सेल एकाच सकाळी संपणं जवळपास अशक्य, त्यामुळे दुसऱ्या किल्लीलाही गाडी दाद देत नसेल तर दोष बहुतेक गाडीत असतो. तरी मी खात्री करून घेतली. आमच्या रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल लागतो. दुकानं उघडायची होती, पण स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यात नेमका तोच सेल होता. तो काढून घातला, रिमोटचा लाल दिवा चांगला लागला, गाडी मात्र मुकीच राहिली.

मग ॲपवर दिसणाऱ्या त्या ७८ टक्क्यांचं काय? नीट पाहिलं तेव्हा आकड्याखाली बारीक अक्षरात आदल्या रात्रीची वेळ होती. ॲपला माहिती पाठवणारं यंत्र गाडीतच असतं आणि त्यालाही वीज लागते. त्याची वीज गेली की ॲप शेवटची माहिती तशीच दाखवत राहतं. ॲपवरून दार उघडायचा प्रयत्नही त्यामुळेच वाया गेला. नुसतं गोल गोल चक्र फिरत राहिलं. चार्जर लावून बघावं म्हटलं, तर चार्जिंगचं झाकण सेंट्रल लॉकबरोबरच बंद झालेलं.

आता उरली ती रिमोटच्या पोटातली साधी किल्ली. बहुतेक गाड्यांच्या रिमोटला बाजूला एक छोटा खटका असतो, तो सरकवला की लोखंडी पातं बाहेर येतं. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलला एक प्लॅस्टिकची टोपी असते आणि तिच्या खालच्या कडेला बारीक फट असते. त्या फटीत पात्याचं टोक घालून टोपी हलकेच उचलायची, आत किल्लीचं भोक दिसतं. आमचं भोक कधी वापरलंच गेलं नव्हतं आणि उन्हाळ्याच्या धुळीनं आखडलं होतं. जोर लावला असता तर पातं वाकलं असतं. म्हणून लॉकमध्ये मारायचा स्प्रे मारला, थोडी वाट पाहिली आणि किल्ली हळूहळू दोन्हीकडे फिरवत राहिले. शेवटी कट्ट आवाज होऊन दार उघडलं.

दार उघडलं तरी आतला दिवा लागला नाही, आणि तिथेच रोग कळला. गाडीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी संपली होती.

इथे थोडं थांबून सांगते, कारण मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बऱ्याच जणांना इलेक्ट्रिक गाडीत एकच बॅटरी असते असं वाटतं. गाडी पळवते ती खाली बसवलेली मोठी बॅटरी, आमच्या गाडीत तीनशेहून जास्त व्होल्टची. पण दाराचं लॉक, आतले दिवे, स्क्रीन, सगळे कॉम्प्युटर चालतात ते पेट्रोल गाडीत असते तशाच साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. सुरक्षेसाठी मोठी बॅटरी उभ्या गाडीत बाकीच्या यंत्रणेपासून पूर्ण तोडलेली असते. तिला जोडणारे जे जाड स्विच असतात, ज्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात, ते जोडले जायलाच १२ व्होल्ट लागतात. छोटी बॅटरी मेली की मोठीत कितीही वीज असो, तिच्यापर्यंत पोचायचा रस्ताच बंद. गाडी चालू झाली किंवा चार्जिंगला लागली की डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा भाग मोठीतली वीज छोटीत भरतो. काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून असं भरून घेतात, पण सगळ्या नाही.

कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला. मुलगा नम्रपणे बोलला, पण त्याच्याकडे ठरलेलं एकच उत्तर होतं: दुपारनंतर गाडी उचलून वर्कशॉपला नेऊ. मी म्हटलं, बॅटरीला बूस्टर, म्हणजे बाहेरून वीज देणारं छोटं यंत्र, लावून देणारा माणूस पाठवा. ते त्यांच्या यादीत नव्हतं. टो करण्याबद्दल एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. चाकं जमिनीवर ठेवून ओढत न्यायला कुणालाही होकार देऊ नका. चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करू लागते, त्यात नुकसान होऊ शकतं. शिवाय आमच्यासारख्या गाडीचा हँडब्रेकही विजेवरचा, तो १२ व्होल्टशिवाय सुटतच नाही. न्यायचीच वेळ आली तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवूनच न्यायची.

मग प्रताप नगरच्या ओळखीच्या बॅटरीवाल्या दुकानात फोन केला. घरचा इन्व्हर्टर तिथलाच आहे. अर्ध्या तासात तिथला भाऊ मोपेडवर बूस्टर आणि मीटर घेऊन हजर झाला. बॉनेट उघडायचा खटका डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या पायाशी. तो साध्या तारेवर चालतो, म्हणून उघडला. सगळ्याच गाड्यांत हे इतकं सोपं नसतं. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये समोरचं झाकण विजेवर उघडतं, म्हणून बंपरवरच्या टो हुकच्या टोपीमागे दोन वायरी दिलेल्या असतात आणि बाहेरून वीज देऊन ते उघडावं लागतं. आपल्या गाडीत छोटी बॅटरी कुठे आहे आणि तिथवर कसं पोचायचं, हे पुस्तिका घरात बसून एकदा वाचून ठेवावं. बंद गाडीच्या कप्प्यात ठेवलेली पुस्तिका त्या वेळी हाती लागत नाही.

भाऊनं मीटर लावलं. आकडा ८.७.

"ताई, हे तं पूर्ण बसून गेली. बाराच्या खाली गेली का समजून जायचं."

मी विचारलं, करंट लागायची भीती नाही ना?

"या काळ्या-लाल वायरले काही नाही होत. पण त्या नारिंगी वायरी दिसून राहिल्या ना, त्याले हात लावायचं कामच नाही."

नारिंगी वेष्टनाच्या जाड केबल म्हणजे मोठ्या बॅटरीची लाइन, हे गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. भाऊनं बूस्टर बंद ठेवूनच आधी लाल चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला लावला आणि काळा चिमटा बॅटरीपासून दूर, गाडीच्या सांगाड्यावरच्या उघड्या लोखंडी बोल्टला. मगच बूस्टर चालू केला. पेट्रोल गाडी सुरू करायला स्टार्टर मोटर क्षणभर शेकडो अँपिअर खेचते. इथे तसा भार नसतो, फक्त कॉम्प्युटर जागे व्हायचे आणि कॉन्टॅक्टर जोडले जायचे. त्यामुळे हाताएवढा बूस्टरही पुरला. याचीच दुसरी बाजू अशी की आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोल किंवा डिझेल गाडी जंप, म्हणजे वायरी जोडून सुरू, करून देऊ नये. तो भार या छोट्या बॅटरीला आणि कन्व्हर्टरला पेलणारा नाही, आणि बऱ्याच कंपन्या पुस्तिकेत तशी मनाई करतात.

वीज मिळताच गाडीनं हॉर्न वाजवत सगळा लेआऊट जागा केला. दार किल्लीनं उघडल्यामुळे तिला चोरी वाटते. घाबरून चिमटे ओढायचे नाहीत, रिमोटचं अनलॉक बटण दाबायचं, ती गप्प होते. मग ब्रेकवर पाय ठेवून स्टार्टचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर 'रेडी' आलं. त्या क्षणी मला जे हायसं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

भाऊ लगेच चिमटे काढून निघाला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. गाडी रेडीवर असताना त्यानं पुन्हा मीटर लावलं. १४.१. साडेतेराच्या वर आकडा म्हणजे कन्व्हर्टर छोटीला वीज देतो आहे. हा आकडा तेव्हाही बाराच्या आसपास घुटमळला असता तर दोष कन्व्हर्टरकडे, आणि मग वर्कशॉपशिवाय इलाज नव्हता. ही एक तपासणी कुणी टाळू नये.

गाडी तशीच दुकानात नेली. तिथे बॅटरी चार्ज करून लोड टेस्टरवर घातली. नुसती ठेवली की १२.३ दाखवायची आणि भार दिला की दहाच्या खाली कोसळायची. चौथं वर्ष चालू होतं तिचं. शिशाच्या बॅटरीला उन्हाचं वैर असतं. तापमान ८ ते १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला जुना हिशेब आहे. आणि आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेल्याची नोंद आहे. पंचेचाळीसच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल, याचा विचार करा.

त्यात उभ्या गाडीतही थोडी वीज सतत खर्च होत असते. आमच्या गाडीत ॲपचं यंत्र आणि पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम आहे. हिशेब साधा आहे. ३५ अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी ५० मिलिअँपिअरच्या खर्चावर जवळपास महिनाभर तग धरेल. तोच खर्च २५० मिलिअँपिअर झाला की सहा दिवसांत तळ दिसतो. बॅटरी म्हातारी असेल तर त्याच्याही आधी. बाहेरच्या दाराजवळ खुंटीला किल्ली अडकवली आणि भिंतीपलीकडेच पोर्चमध्ये गाडी असली, तरी काही गाड्या किल्लीच्या वासानं पुन्हा पुन्हा जाग्या होतात, असं भाऊनं सांगितलं. किल्ली आता आतल्या खोलीत असते आणि डॅशकॅमचा पार्किंग मोड बंद केला आहे.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की गाडीनं आधी काहीच सांगितलं नाही. पेट्रोल गाडी आठवडाभर आधीपासून घर्र घर्र करत कुरकुरते, माणूस सावध होतो. इलेक्ट्रिक गाडीला स्टार्टरच नाही, म्हणून ती कुरकुर नाही. आदल्या संध्याकाळी बर्डीवरून येताना गाडी अगदी ठणठणीत होती. कंपन्यांनी १२ व्होल्टचा आकडा स्क्रीनवर आणि ॲपवर ठळक दाखवायला हवा, ही माझी मनापासूनची मागणी आहे. मोठ्या बॅटरीला ८ वर्षांची हमी देताना, दार उघडून देणाऱ्या या छोट्या बॅटरीबद्दल गाडी विकताना एक अक्षर सांगत नाहीत, हे बरोबर नाही.

नवी बॅटरी त्याच मापाची आणि त्याच जातीची घेतली. स्वस्तातली वेगळ्या जातीची बसवली तर कन्व्हर्टरचं चार्जिंग तिला मानवत नाही. जुनीचे भंगाराचे पैसे वजा झाले. खिडक्यांचं एका दाबात वर जाणं विसरलं होतं, ते काच पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवल्यावर परत आलं.

आता घरात एक साधं मल्टिमीटर आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बॉनेट उघडून आकडा बघते: १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, त्याखाली सतत येऊ लागली की बदलायची वेळ. छोटा बूस्टरही घेतला आहे, पण तो घरातल्या कपाटात असतो. डिकी विजेवर उघडते, तिच्यात ठेवून उपयोग शून्य, आणि मे महिन्यात बंद गाडीत लिथियमची वस्तू ठेवणं धोक्याचं आहे. परवा तेच मीटर घेऊन समोरच्या काकूंच्या गाडीला लावलं. आकडा ११.९. त्यांचे चिरंजीव आज प्रताप नगरला गेले आहेत.