निफाडची बाग, पीटी-१०० आणि २.३ अंशांचा घोळ

मामांच्या निफाडच्या द्राक्षबागेतलं सेन्सरचं काम गेल्या थंडीपासून चालू आहे. मागच्या नोंदीत पीटी-१०० हा तापमान मोजणारा सेन्सर बसला, मोबाइलवर तापमान दिसायला लागलं, इथवर लिहिलं होतं. ते तापमान चुकीचं होतं, हे या महिन्यात कळलं.

पहाटे पारा उतरला की निफाडकडे बागांत शेकोट्या पेटतात, कुणी ड्रिपमधून बोअरचं कोमट पाणी सोडतं. शेकोटी कधी पेटवायची हे मामा हल्ली माझ्या आकड्यावर ठरवतात. एका पहाटे मोबाइलवर ६.४ आणि मांडवाला टांगलेल्या साध्या थर्मामीटरचा पारा चारवर. मामांचा फोन आला, "अरे, यातलं खरं कुठलं धरायचं?"

त्याच दिवशी नाशिकहून मल्टिमीटर घेऊन गेलो. बर्फाचा चुरा थर्मासमध्ये भरला, वर जेमतेम बुडेल एवढंच पाणी घातलं आणि प्रोब, म्हणजे सेन्सरचं नळीतलं टोक, मधोमध, तळाला टेकू न देता, दहा मिनिटं धरला. शून्य अंशाला पीटी-१००चा रोध १०० ओहम हवा. पुढे दर अंशाला साधारण ०.३८५ ओहम वाढतो. केबल सर्किटच्या डब्यात येते त्या टोकाला मोजला तर १००.९. मग त्याच केबलच्या दोन लाल वायरी एकमेकींत मोजल्या. ०.९! म्हणजे हा जास्तीचा रोध सेन्सरचा नव्हताच, १२ मीटर केबलचा होता. ०.९ भागिले ०.३८५, आले २.३ अंश. केबलचा रोध वजा करण्यासाठी असलेली तिसरी वायर मी जोडलीच नव्हती. ती जोडली, रोधावरून तापमान काढणाऱ्या मॅक्स३१८६५ बोर्डवरचे जंपर तीन वायरींसाठी बदलले आणि बर्फात ०.१ आलं.

नंतर चुलीवर उकळत्या पाण्यातही तपासलं. आपला पट्टा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे, त्यामुळे पाणी ९८च्या आसपासच उकळतं. १०० येण्याची वाट बघाल तर चांगल्या सेन्सरला खोटा ठरवाल.

डीएस१८बी२० हा दुसरा तापमान-सेन्सर का नाही, असं बरेच जण विचारतात. तो डिजिटल आहे, केबलच्या रोधाचा त्याला त्रास नाही, उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाची खात्री आहे. पण बाजारात नकली माल फार. पीटी-१०० मला बर्फ आणि मल्टिमीटर एवढ्यावर तपासता येतो. माझ्यासाठी निवड तिथेच संपते.

जागाही बदलली. आधी प्रोब पंपघराच्या भिंतीवर होता आणि ती भिंत रात्रभर ऊब सोडते. आता नाल्याकडच्या खोलगट कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर, पांढऱ्या थाळ्यांच्या आडोशात आहे. गार हवा तिथेच साचते. पहाटे दीड अंश कमी दिसतो. थाळ्यांवर बोर्डो या बुरशीनाशकाच्या फवाऱ्याचा निळसर थर बसला होता, तो पुसून काढला. पांढरा रंग मळला की उन्हात आडोसाच तापतो.

डबा उघडला तेव्हा टर्मिनलवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक. प्रोब आयपी६७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहील असा. डबा मात्र साधा, आणि केबल वरून आत शिरलेली. आता ग्लँड, म्हणजे केबल आत घेण्याचं घट्ट बूच, खालच्या बाजूला घेतलंय आणि केबलला आधी झोळ दिलाय, पाणी तिथूनच टपकून जातं.

शेततळ्यातला लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पाण्याच्या दाबावरून पातळी सांगणारा सेन्सर, सातपूरच्या एका मित्राने जुन्या सामानातून दिला. ० ते ५ मीटर, ४ ते २० मिलिअँपिअर. म्हणजे मीटरला ३.२. हा प्रकार मला मनापासून आवडतो : चार आले तर तळं रिकामं, शून्य आलं तर वायर तुटली. २५० ओहमच्या रोधकावरून तेच १ ते ५ व्होल्ट होतात. पण पंप बंद असतानाही पातळी दिवसभरात तीन-चार सेंटिमीटर हलत होती. बाहेरच्या हवेचा दाब सेन्सरपर्यंत पोचावा म्हणून केबलच्या आत एक बारीक नळी असते. तिचं तोंड मी ओल जाऊ नये म्हणून टेपने घट्ट बंद केलं होतं, त्यामुळे हवेचा दाब बदलला की पातळीही बदललेली दिसायची. टेप काढली, तोंडाशी सिलिका जेलची पुडी ठेवली.

वहीत दोन रकाने आखलेत, बर्फातलं वाचन आणि लाल-लालचा रोध. जानेवारीत पुन्हा थर्मास घेऊन जाईन, तेव्हा दोन्ही आकडे इथे टाकतो.