आठ दिवसांचं पुस्तक

१९८९ साली मी आपल्या शाळेतून दहावी झाले. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्यांदा आली ती ग्रंथालयाची खोली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिथे पुस्तक बदलून मिळायचं. एका कार्डावर एक पुस्तक, आठ दिवसांच्या बोलीनं.

त्या आठ दिवसांत ते पुस्तक आमच्या घरी चौघं वाचायचे. रविवार संपेपर्यंत मी त्याचा फडशा पाडायची, मग दादा, मग रात्री जेवणं झाल्यावर बाबा. आईला वाचायला असा वेगळा वेळ नव्हताच. आमटीला उकळी येईपर्यंत, दूध वर येईपर्यंत ती ओट्यापाशी उभ्या उभ्याच वाचायची. मी आठवीत असताना परत केलेल्या एका पुस्तकाच्या पानावर सरांना पिवळं बोट उमटलेलं दिसलं. "ही हळद कुणाची गं?" माझ्या पोटात गोळा आला. "आई वाचते, सर." सर जरा वेळ त्या डागाकडे बघत राहिले. मग उठले, शिक्षकांसाठीच्या कपाटातून एक कादंबरी काढली आणि माझ्याच कार्डावर लिहिली. "ही आईंना दे. शेवट कसा वाटला ते विचारून ये."

पुढच्या शनिवारी मी निरोप नेला, "आई म्हणते, त्या सुनेला एवढं सोसायला लावायला नको होतं." सर म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं." माझी दहावी होईपर्यंत हे असं चाललं. ते दोघं कधी भेटले नाहीत, पण त्यांच्या गप्पा माझ्या दप्तरातून व्हायच्या. आई सातवी शिकलेली. शनिवारी दुपारी मी घरी आले की हातातलं काम टाकून ती विचारायची, "काय म्हणाले सर?" आणि पुस्तकाला हात लावण्याआधी आता पदराला हात पुसायची, दोनदा.

बाबांचा जीव नाटकात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते आपल्या सांगलीत, हे त्यांनी आमच्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. भावे नाट्यमंदिरातून चालत घरी येताना प्रत्येकानं कुणाचं काम का आवडलं ते सांगायचं. नुसतं 'छान होतं' म्हणून सुटका नसायची.

आजीकडे मात्र वही होती. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा गावभागातल्या आमच्या वाड्यात रेडिओ एकच. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. आजीचं माहेर आटपाडीकडचं, आणि गदिमा तिथल्याच माडगुळ्याचे, त्यामुळे तिला ते घरचंच कार्य वाटायचं. मालकांच्या उंबऱ्याशी बसून ती पेन्सिलीनं गाणी उतरवून घ्यायची. हात मागे पडला की तेवढी जागा कोरी ठेवायची आणि गाणं पुन्हा लागलं की राहिलेले शब्द भरायची. कुठे पेन्सिल, मधेच जांभळी शाई. संध्याकाळी दिवे लागले की ती त्या वहीतून म्हणायची आणि आम्ही मागे ओढायचो.

आता ती वही माझ्याकडे आहे. माझी लेक पुण्याला नोकरी करते. तिच्या आवडीची गाणी फोनवर पाठवते, "आई, नीट ऐक हं." त्यात एक मराठी रॅप होतं. भाषा आपलीच, पण वेग असा की निम्मे शब्द निसटायचे. चार-पाच वेळा ऐकूनही पूर्ण लागेना. मग आजीच्या वहीची मागची कोरी पानं उघडली आणि ऐकू येईल तेवढं लिहीत गेले, बाकीच्या जागा सोडून दिल्या. दिवाळीला लेक आली तेव्हा वही तिच्यापुढे ठेवली. फराळाचं ताट बाजूला सारून, हिरव्या पेननं, तिनं एकेक गाळलेला शब्द भरून दिला.