मी आले नाही तरी चालेल असं काम

ठाण्याच्या नौपाड्यातल्या लॅबच्या बाकावर बसलं की ओळखी होतात. सांध्यांच्या आजारावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी घेणाऱ्यांना लिव्हर आणि रक्तपेशी अधूनमधून तपासून घ्याव्या लागतात, त्यामुळे तेच ते चेहरे दोन-तीन महिन्यांनी भेटतात. परवा तिथे एकीने विचारलं, आणि तिच्याआधीही कितीतरी जणींनी विचारलंय : "ताई, तुम्हाला हे घरबसल्या अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायचं काम मिळालं कुठे? मलाही काहीतरी करायचंय हो. पैसे नकोत. पण माझ्या अंगाचा भरवसा नाही."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण जरा लांबून.

मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. सासूबाई त्याला 'वात' म्हणतात, शेजारच्या काकू निर्गुडीचा पाला आणून देतात. शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उठते, असा हा आजार. सकाळी तास-दीड तास बोटं वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. दुपारी तीच मी धडधाकट दिसते, आणि तिथेच सगळा घोळ होतो. दुपारी पाहणाऱ्याला सकाळ खरी वाटत नाही. स्वतः मलाही वाटत नाही, म्हणून मी दुपारी 'हो' म्हणून बसते.

फोर्टातली नोकरी सोडली तेव्हा आधी पोटभर झोपले. मग दुधाच्या पिशवीवरचा मजकूर पाठ व्हायला लागला. बावीस वर्षं लोकलला लटकलेल्या बाईला आपल्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, हे पचत नाही. तेव्हा मी जिथे आपली गरज आहे असं काम शोधायला निघाले. सगळे तोच सल्ला देतात. आमच्यासारख्यांसाठी तो साफ चुकीचा आहे.

आधी एका वस्तीतल्या बालवाडीत जायला लागले. माझी औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात आणि बालवाडी म्हणजे वाहती नाकं. दुसऱ्या महिन्यात ताप आला तो तीन आठवडे टिकला. मुलं दारात वाट बघत होती, असं तिथल्या मावशींनी फोनवर प्रेमाने सांगितलं. त्या प्रेमानेच जास्त लागलं.

मग रविवारची श्रमदानं. ठाण्यात समाजसेवा बहुतेक रविवारी सकाळी सातला उगवते : उपवन तलाव, येऊर, खाडीकाठचं कांदळवन. माझी गोळी आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री. रविवारी मळमळ, डोकं जड, वर सकाळची बोटं. पुढे डॉक्टरांना विचारून गोळीचा वार बुधवार केला, एवढाच त्यातला फायदा. (वार त्यांना विचारूनच बदला. ही गोळी आठवड्याला एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. त्यामुळे घरात कॅलेंडरवर खूण हवीच.)

तिसरी गोष्ट सांगायची लाज वाटते. एका अंध मुलाच्या एम.ए.च्या परीक्षेला लेखनिक म्हणून, म्हणजे तो सांगेल ती उत्तरं लिहायला, मी नाव दिलं. दोन-अडीच महिने चांगले गेले होते, त्या जोरावर. लेखनिक घेणाऱ्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. हा हिशेब मी कागदावर केला, मनगटाला विचारलंच नाही. पेपरच्या तीन दिवस आधी उजवं मनगट सुजून लाडवासारखं झालं. लेखनिक पुरवणाऱ्या संस्थेच्या समन्वयक बाईंनी दुसरा लेखनिक मिळवला, कसा ते त्यांनाच ठाऊक. मला म्हणाल्या, "आजारी आहात हे आधी सांगितलं असतंत तर तुम्हाला नाही म्हटलं नसतं, दुसरं काम दिलं असतं." चिडून म्हणाल्या, आणि बरोबर म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी प्रश्न उलटा केला. मी आले नाही तर कुणाचं अडेल? ज्या कामाचं उत्तर 'कुणाचंच नाही' असं येईल, ते आपलं.

त्याच बाईंनी पुढे ध्वनिमुद्रणाचं काम दिलं. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचायची, घरी, मोबाइलवर. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात, नफा न कमावता, पुस्तक करून द्यायची मुभा मिळाली. त्यामुळे अभ्यासाची पुस्तकं संस्थेमार्फत रीतसर वाचता येतात. प्रत्येकाला प्रकरणं वाटून दिलेली असतात, एकीचं राहिलं तर दुसरी उचलते.

वाचणं सोपं वाटलं होतं. पहिली फाइल परत आली : नाटक करू नका, पानाचा आकडा सांगा, तक्ता ओळीओळीने वाचा, इंग्रजी नाव आलं की स्पेलिंग सांगा. मी आवाजात फार भाव भरत होते. एका विद्यार्थ्याने मोकळेपणाने सांगितलं, "मावशी, मी तुम्हाला दुप्पट वेगाने ऐकतो." म्हणजे माझ्या आवाजातल्या भावनेचं काय होत असेल ते बघा. आमचं घर गोखले रोडपासून हाकेवर, त्यामुळे दुपारी दोन ते चार हीच वेळ. कपाटाचं दार उघडं टाकते, आत गोधड्या, त्यात तोंड घालून अर्थशास्त्र वाचते. पंखा बंद. सासूबाईंना वाटतं मी काहीतरी पारायण धरलंय. गणपतीचे दहा दिवस ढोलताशे, तेव्हा सुट्टी.

आणि ज्या दिवशी बसवतही नाही, त्या दिवसांसाठी विकिस्रोत, इंटरनेटवरचं खुलं ग्रंथालय. स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं तिथे पान-पान तपासली जातात. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. संगणकाने ओळखलेला मजकूर एका बाजूला, मूळ पानाचं चित्र दुसऱ्या बाजूला. आपण चुका दुरुस्त करायच्या. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पडताळलं की हिरवं. मी आडवी पडून एक पान करते, कधी अर्धंच. अर्धं सोडलं तरी पान कुठे पळून जात नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं असतात, 'नाहीं', 'घरांत', सगळीकडे अनुस्वार, आणि संगणक ते टिंब हमखास गिळतो. ते एकेक शोधून परत बसवायचे. माझ्या आईच्या पत्रांत असेच अनुस्वार असायचे. बोटं अगदीच नाही म्हणाली तर फोनला तोंडी सांगते. तो 'सांधे'चं 'संध्या' करतो.

आता तुमच्या 'कुठे'कडे येते. संस्थेत जाऊन 'काही काम आहे का हो' असं विचारू नका. असं विचारलं की समोरच्याला जे अडलेलं असतं तेच तुमच्या गळ्यात पडतं. आपणच सांगायचं : महिन्याला सहा तास, घरून, वेळ मी ठरवणार, तारखेची हमी नाही. मी आधी दहा तास म्हणणार होते. नवरा म्हणाला, "वाईट महिन्यात किती जमतं ते सांग, चांगल्यात जास्त कर." त्याने माझे वाईट महिने उशाशी बसून काढलेत, त्याला आकडा माहीत होता. आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही, पण काय जमणार नाही ते पहिल्या भेटीतच सांगा, दुसऱ्या नाही.

आणि एक. एका ठिकाणी मला काम दिलंच नाही, सत्कार केला. 'आजाराशी झुंजणारी रणरागिणी' म्हणून व्यासपीठावर बसवलं. शाल, श्रीफळ. नारळ एका हातात पेलेना म्हणून दोन्ही हातांत धरला तर शाल सुटली, फोटोत मी ती गुडघ्यांनी पकडलेली आहे. तिथून कामाचा फोन आजतागायत आला नाही. हार दिसला की चप्पल शोधा.

लोक विचारतात, आपल्यावाचून अडत नाही तर मग करण्यात समाधान ते काय? सुरुवातीला मलाही नव्हतं. या पावसाळ्यात पाच आठवडे मी पडून होते, सहावं प्रकरण संपवून सातवं तसंच राहिलं. बरी झाल्यावर पूर्ण पुस्तकाची फाइल आली. गोळीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, पडल्यापडल्या लावली. सहाव्याच्या शेवटी माझा आवाज, पान एकशे बारा. मग क्षणभर शांतता, आणि कुणीतरी तरुण मुलगी, बहुधा विदर्भातली, स्वच्छ आवाजात म्हणाली, "प्रकरण सातवे. पान एकशे तेरा." मागे तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली होती. ती तिने काढली नव्हती.