टेकन ३ : सहावा आठवडा, आणि माझं कोपर

टेकन ३ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा माझा सराव चालू आहे. आधी या आठवड्याचा हिशेब. जिन या खेळाडूचे ‘इलेक्ट्रिक’, म्हणजे विजेचे पंच, पडद्याच्या डावीकडे उभं राहून : २० पैकी ११. उजवीकडून : २० पैकी ४. मागच्या आठवड्यात उजवीकडून एकच लागला होता, म्हणजे चौपट प्रगती. असं म्हणून स्वतःची समजूत घालतेय झालं.

ज्यांनी हा छळ अजून अनुभवला नाही त्यांच्यासाठी : पुढे दाबायचं, अंगठा सोडायचा, खाली, मग खाली-पुढे, आणि त्या शेवटच्या तिरक्या दिशेबरोबरच उजवा पंच. ‘बरोबरच’ म्हणजे अगदी त्याच फ्रेमला. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, पळतो, त्यातली एक हुकली की त्याच पंचाचा साधा, बिनविजेचा प्रकार निघतो. जमलं तर मुठीवर वीज चमकते. उजवीकडून माझं गाडं कुठे अडतं तेही सापडलंय. अंगठा ‘सोडायचा’ असतो तिथे मी तो घासत नेते. गेले तीन दिवस पंच न मारता नुसत्या दिशाच घोटतेय. भयंकर कंटाळवाणं काम आहे, पण ४ आले ते त्यामुळेच.

हा खटाटोप कशासाठी, तर दादासाठी.

टेकन ३ आर्केडला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आला १९९७ मध्ये आणि प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये. आमच्याकडे डिस्क आली ती या दादाची, माझ्या चुलतभावाची. तो एडी घ्यायचा, मी पॉल. एडी म्हणजे कापोएरावाला, ब्राझीलच्या नाचासारख्या युद्धकलेतला. हातांवर उभा राहून पाय फिरवत सुटतो. किकची दोन बटणं आलटून पालटून बडवली की झालं, अशी त्याची ख्याती. मीही हरले की तेच ओरडायचे : ‘नुसती बटणं बडवतोस!’ दादा हसायचा आणि पुन्हा एडीच घ्यायचा. माझ्याकडे काय होतं? पॉलचा तो एक मोठा पंच. लागला की समोरच्याची जीव दाखवणारी पट्टी धाडकन खाली यायची. बाकी काही शिकायची गरजच वाटली नाही.

सुरुवातीला दहाच खेळाडू मिळायचे, उरलेले बहुतेक आर्केड मोड (एकट्याने एकेकाला हरवत जायचं) संपवत संपवत उघडायचे. मोकुजिन उघडला त्या दिवशी आम्ही जेवायला उठलोच नाही. तो लाकडी ठोकळा दुसऱ्यांच्या शैली उसन्या घेतो, त्यामुळे या वेळी आपण नक्की कोण आहोत हे दोन लाथा मारल्याशिवाय कळायचं नाही. आणि गॉन! एवढासा डायनासोर, माझे वरचे पंच त्याच्या डोक्यावरून जायचे. पुढे मेमरी कार्ड बिघडलं आणि सगळे पुन्हा कुलपात गेले. त्याबद्दल आजही बोलवत नाही.

तर या आठवड्यात मी पहिल्यांदा स्वतः एडी घेतला. बडवली बटणं. कठीण पातळीवर संगणकाने मला सरळ झोपवलं. मग हळूहळू लक्षात आलं की हातांवर उभं राहिल्यावर दोन्ही वाटा मोकळ्या असतात : खालची लाथ, जी बसूनच अडवता येते, आणि मधली, जी बसलेल्याला लागतेच. दरवेळी निवड करावी लागते. म्हणजे दादा बडवत नव्हता. तो माझ्याकडे बघून निवडत होता.

रात्री फोन करून विचारलं. म्हणाला, ‘अगं, तुझं उजवं कोपर. पॉलचा पंच मारायच्या आधी ते वर यायचं. मी टीव्हीकडे बघायचोच नाही.’

कोपर वर आलं की त्याचा एडी बाजूला सरकायचा, आणि माझा पंच सरळ रेषेत हवा कापत जायचा. आधीच्या भागांत असं सरकणं सगळ्यांना सरसकट जमत नव्हतं, तिसऱ्यात ते प्रत्येकाला मिळालं. वर बटण हलकेच दाबायचं, बस. इतकी वर्षं मी एडीला शिव्या घालतेय आणि चुगली माझंच हाड करत होतं!

खात्री करायला मोबाईल उभा करून सरावाचा व्हिडिओ काढला. येतं. अजूनही वर येतं. पॉल सोडून जिन घेतला तरी इलेक्ट्रिकच्या आधी कोपर ठरल्यासारखं उचलतं. दाबून धरलं तर २० पैकी ११ चे ६ होतात.

म्हणून बेत बदललाय. दादा पुढच्या शनिवारी येतोय. मी कायम पहिला कंट्रोलर घेऊन त्याच्या डाव्या हाताला बसायचे, म्हणजे उजवं कोपर थेट त्याच्या नजरेखाली. या वेळी मी त्याच्या उजव्या हाताला बसणार. केबल काही दोघांच्या मांडीवरून आडव्या जाण्याइतक्या लांब नाहीत, तेव्हा दुसरा कंट्रोलर माझा आणि प्रत्येक राउंडची सुरुवात पडद्याच्या उजव्या बाजूने.

जिथून माझे २० पैकी ४ लागतात. पाच दिवस आहेत.