३.०.७ आणि ३.०.१४ : धरमकाट्याचं सॉफ्टवेअर पास करून घेताना

प्रोग्राम बदलायला मला नऊ दिवस लागले. तो बदललाय हे कागदावर मान्य व्हायला सात आठवडे गेले. कोणाला असंच काम करायचं असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, "तुमच्याकडे एक्सेप्शन फॉर्म आहे का?" म्हणजे नियमात न बसणाऱ्या गोष्टीला कारण लिहून सूट मागायचा अर्ज. मला हे सहाव्या आठवड्यात कळलं.

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या धरमकाट्यावर माझा प्रोग्राम चालतो. ट्रक चढला की सिरियल पोर्टवरून वजन घेतो, पावती छापतो आणि तेच वजन मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला पाठवतो. २०१३ साली तो सेंटओएस ६ या लिनक्स सिस्टिमवर लिहिला. तेव्हा दर काट्यावरचं मशीन वेगळं, त्यावरच्या लायब्रऱ्या (अनेक प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) वेगळ्या. म्हणून मी ओपनएसएसएल, म्हणजे नेटवरचा संवाद गुप्त ठेवणारी लायब्ररी, स्वतः कंपाइल केली आणि स्टॅटिक लिंक केली, म्हणजे तिची प्रत प्रोग्रामच्या फाइलीतच घालून टाकली. एकच फाइल, पेनड्राइव्हवर न्यायची की काम झालं. पुढे मशीन सेंटओएस ७ वर गेलं तेव्हाही तीच फाइल कॉपी केली आणि पहिल्या झटक्यात चालली. मला त्याचा फार अभिमान होता.

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चे अपडेट बंद होणार होते. त्याआधी कारखान्याच्या आयटी खात्यानं फाइली उघडून पाहणारा स्कॅनर लावला. ऐन नवतप्यात अहवाल हाती आला : ओपनएसएसएल १.०.१ई, हार्टब्लीड, म्हणजे समोरच्याची मेमरी चोरून वाचू देणारा ओपनएसएसएलमधला दोष. मी भडकलो. हार्टब्लीड जाहीर झालं ७ एप्रिल २०१४ ला आणि त्याच आठवड्यात मी काट्याकाट्यावर जाऊन यम अपडेट मारला होता, म्हणजे सिस्टिमचं सॉफ्टवेअर नवं केलं होतं. तसं लेखी उत्तर दिलं, जरा चढ्या आवाजातच.

रात्री घरी माझ्या प्रोग्रामच्या फाइलीवर, तिच्यातला वाचता येणारा मजकूर दाखवणारी स्ट्रिंग्ज कमांड चालवली. समोर ओळ आली : ओपनएसएसएल १.०.१ई, ११ फेब्रुवारी २०१३. यमनं सिस्टिमची लायब्ररी दुरुस्त केली होती. माझ्या फाइलच्या पोटातली प्रत तशीच होती, दहा वर्षं. हार्टब्लीडचा धोका फक्त सर्व्हरला नसतो, त्याला जोडणाऱ्या प्रोग्रामची मेमरीही त्यातून वाचता येते. मी दुसऱ्या दिवशी बुटीबोरीला जाऊन माझं उत्तर मागे घेतलं आणि माफी मागितली. तिथपर्यंत ते बरोबर होते.

मग सेंटओएसच्या जागी अल्मालिनक्स ९ घेतलं, प्रोग्राम शेअर्ड लायब्ररीवर आणला, म्हणजे तो आता सिस्टिमचीच प्रत वापरतो. काट्याच्या इंडिकेटरसोबत आलेली सी प्लस प्लसची जुनी डॉट-ए फाइल (आधीच कंपाइल केलेली स्टॅटिक लायब्ररी) लिंक होईना, कारण जीसीसी ५ या कंपायलरपासून स्ट्रिंगची आतली रचना बदलली. जुनी रचना वापरायचा फ्लॅग दिला, सुटलं. ज्याचा सोर्स हाती नाही अशी डॉट-ए फाइल कोणाकडून घेऊ नका. मी घेतली होती आणि देणाऱ्यानं आता धंदाच बंद केलाय.

दुसरा अहवाल आला : ओपनएसएसएल ३.०.७, कालबाह्य, अपेक्षित ३.०.१४.

इथे खरी अडवणूक सुरू झाली. लिनक्स बनवणारी कंपनी रेड हॅट आणि तिच्या मागोमाग अल्मालिनक्स दर दुरुस्तीला नंबर पुढे नेत नाहीत. नव्या आवृत्तीतली दुरुस्ती तेवढी काढून जुन्या नंबरात बसवतात, म्हणजे त्या लायब्ररीवर उभे असलेले बाकीचे प्रोग्राम मोडत नाहीत. दुरुस्ती झाली की नंबरापुढच्या डॅशनंतरचा आकडा वाढतो, ३.०.७ तसाच राहतो. मी हे आयटी खात्याच्या टेबलावरच्या मुलाला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, फॉर्ममध्ये एकच कॉलम हाय. नंबर जुळला तर हिरवा, नाही तर लाल."

खापरीपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो, असे चार हेलपाटे झाले. मेलला उत्तर नाही. साहेब मीटिंगमध्ये. जून सरला, पाऊस लागला. चौथ्या खेपेला साहेब भेटले आणि त्यांनी तोडगा सुचवला : "३.०.१४ तुम्हीच कंपाइल करा आणि आत टाकून द्या. नंबर दिसेल, उद्या पास करतो."

एका संध्याकाळचं काम होतं. बिल अडकलं होतं, घरी मुलीची फी भरायची होती. तरी मी नाही म्हटलं. ज्या पद्धतीनं ते भोक दहा वर्षं उघडं राहिलं, तीच पद्धत मला हिरव्या रंगासाठी पुन्हा करायला सांगत होते. मी विचारलं, "३.०.१५ येईल तेव्हा कोण कंपाइल करणार? मी आजारी पडलो तर? हे काम सोडलं तर?" शेअर्ड असेल तर तुमचा कोणीही माणूस एक डीएनएफ (यमच्या जागी आलेली कमांड) अपडेट मारेल आणि काटा दुरुस्त. साहेबांना ते पटलं नाही. पण बाजूला बसलेल्या ऑडिटच्या मॅडमनी तेव्हाच एक्सेप्शन फॉर्मचं नाव काढलं.

मग मी तक्ता केला. अहवालातला एकेक सीव्हीई क्रमांक, म्हणजे जाहीर झालेल्या दोषाचा नंबर, समोर आरपीएम पॅकेजच्या चेंजलॉगमधली, म्हणजे बदलांच्या नोंदीतली, त्याची ओळ. उदाहरणार्थ सीव्हीई-२०२३-०२८६ : मूळ ओपनएसएसएलनं ही दुरुस्ती ३.०.८ मध्ये दिली, पण ती आमच्या ३.०.७ च्या चेंजलॉगमध्ये आहे. दोन क्रमांक सापडले नाहीत, तेही तसेच लिहिले, किरकोळ दर्जाचे म्हणून. मॅडमनी ओळ न् ओळ वाचली, त्या दोनांवरच प्रश्न विचारले आणि सही केली.

एक राहिलंच. लायब्ररी अपडेट केली तरी चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतो. रीस्टार्ट करावाच लागतो, नाही तर अपडेटचा उपयोग शून्य. कोणता प्रोग्राम रीस्टार्ट करायला हवा ते सांगणारं डीएनएफचं नीड्स-रीस्टार्टिंग चालवून पाहत जा. काटेवाले भाऊ ओरडतात, "साहेब, गाड्यायची लाइन लागली हाय, आता बंद नका करू!" म्हणून मी जेवणाच्या सुट्टीची वेळ बांधून घेतलीय.

स्टॅटिक मी पूर्ण सोडलेलं नाही. सिरियल पोर्ट तपासायचं माझं छोटं अवजार अजून पेनड्राइव्हवर स्टॅटिकच आहे. ते नेटवर्कला हात लावत नाही आणि कुठल्याही जुन्या मशीनवर चालायला हवं. ग्राहकाकडे कायम राहणाऱ्या, नेटवर बोलणाऱ्या प्रोग्रामात मात्र आता नाही.

सप्टेंबरमध्ये ओपनएसएसएलचा नवा दोष जाहीर झाला, मूळ दुरुस्ती ३.०.१५ मध्ये. अल्मालिनक्सची आली ती ३.०.७ मध्येच, डॅशनंतरचा आकडा वाढवून. नवरात्रात मी माहूरला दर्शनाच्या रांगेत होतो, तेव्हा त्या टेबलावरच्या मुलाचा फोन आला : "सर, अपडेट मारला, प्रोग्राम रीस्टार्ट केला. वजन जाऊन राहिलं बरोबर."