जवळचा तक्ता, अडीचचा नंबर आणि तीन फेऱ्या

नागपुरात महाल भागातील एका छापखान्यासाठी मी गेली अनेक वर्षे मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफे तपासण्याचे काम, करतो. वय ५५, दूरचे स्वच्छ दिसते, केवळ वाचनासाठी चष्मा लागतो. या उन्हाळ्यात नवा चष्मा करावा म्हणून सीताबर्डीवरील एका दुकानात गेलो. दूरची तपासणी, फ्रेम, पैसे हे सारे अर्ध्या तासात आटोपले. जवळच्या तपासणीत मात्र मी जो अडकलो तो महिनाभर.

दुकानातील मुलाने एक इंग्रजी कार्ड माझ्या नाकापासून जेमतेम दीड वीत पुढे धरले, मी ‘जे-२’ अशी खूण असलेला खालचा बारीक परिच्छेद वाचला आणि त्याने अडीचचा नंबर लिहून दिला. चष्मा आला, टेबलाशी बसलो, तर प्रूफ धूसर. मान खाली नेली की अक्षर स्वच्छ होई आणि ताठ बसलो की ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होई. परत गेलो, तर पुन्हा तेच कार्ड, तेवढ्याच अंतरावर, आणि तेच उत्तर: “काका, जे-टू वाचता आहात नं, मग नंबर बरोबरच आहे.” तिसऱ्या फेरीपर्यंत तो परिच्छेद मला पाठ झाला होता, चष्मा काढूनही मी तो म्हणून दाखवला, तरी त्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

शेवटी ओळखीच्या एका नेत्रतपासनीस बाईंकडे गेलो. त्यांच्या कार्डावर ‘एन-६’, ‘एन-८’ अशा खुणा होत्या, आणि माझ्या सवयीच्या अंतरावर मला जेमतेम ‘एन-१०’ वाचता आले. डोळे महिन्याभरात बिघडले की काय, या शंकेने मी घाबरलो. बाई म्हणाल्या, “डोळे तेच आहेत, तक्ते वेगळे आहेत आणि अंतरही वेगळे आहे.” ‘जे’ म्हणजे येगर; या नेत्रवैद्यांनी १८५४ मध्ये व्हिएन्नात छापलेल्या नमुन्यांना क्रमांक दिले खरे, पण पुढे प्रत्येकाने आपापल्या टाइपात ते छापल्यामुळे एका कार्डावरचा जे-२ दुसऱ्या कार्डावरच्या जे-२ एवढा असेलच, असे नाही. एन पद्धतीत मात्र आकडा म्हणजे टाइम्स रोमन या इंग्रजी टाइपाचे पॉइंट: एन-८ म्हणजे आठ पॉइंट, आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. हे ऐकताच मला हसू आले, कारण ज्या मापात माझे आयुष्य गेले तेच माप डोळ्यांसाठीही वापरतात, हे मला ठाऊक नव्हते. अर्थात कार्डाची झेरॉक्स लहानमोठी झाली, तर त्या आकड्यालाही अर्थ उरत नाही. दुकानातील कार्ड तशीच एक पुसट झेरॉक्स होती, हे मला तेव्हा आठवले.

मग त्यांनी कापडी टेप घेऊन माझ्या डोळ्यापासून प्रूफापर्यंतचे अंतर मोजले, ते ५० सेंटिमीटर भरले. दुकानातील तपासणी ३३ सेंटिमीटरच्या आसपास झाली असावी. ३३ सेंटिमीटरवर डोळ्याला तीन डायॉप्टरची (भिंगाच्या ताकदीचे हे एकक, चष्म्याचा नंबर त्यातच असतो) गरज असते, ५० वर दोनचीच, म्हणजे फरक पुऱ्या एका नंबराचा. माझा दोष एवढाच की पहिल्याच दिवशी मी प्रूफ सोबत नेले नाही. तुम्ही जे रोज वाचता, मग ती पोथी असो वा हिशोबाची वही, ते पिशवीत टाकूनच घराबाहेर पडावे.

मराठी परिच्छेदही मागून घ्यावा. आठ पॉइंटचे देवनागरी आठ पॉइंटच्या इंग्रजीहून बारीक वाटते, कारण त्याच उंचीत वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार बसवावा लागतो. सवयीचे शब्द डोळा अंदाजाने वाचून टाकतो, म्हणून मी बाईंना ‘शेष’ आणि ‘शेप’ एकाखाली एक लिहून दाखवायला सांगितले. ‘ष’च्या पोटातली ती तिरपी रेघ दिसली, तेव्हाच मी होकार दिला. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायला लावावेत, हे आधीच सांगायला हवे होते. शिवाय ज्या अंतरावर तपासले ते अंतर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर ते नव्हते, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालायला माझ्या हाती काहीच नव्हते.

आता माझा नंबर पावणेदोन आहे आणि मी ताठ बसून काम करतो. अडीचचा चष्मा स्वयंपाकघरातील खणात ठेवला आहे; औषधाच्या पट्टीवरची तारीख त्यानेच दिसते.